स्पिरुलिनाच्या हौदातला कार्बन: जिवाणू तो घेतात कसा, आणि आपण तो मोजायचा-भरायचा कसा?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

स्पिरुलिना म्हणजे उन्हावर वाढणारा निळसर-हिरवा जिवाणू (सायनोबॅक्टेरिया), तो आपण हौदात वाढवून सुकवतो. हौद हिरवागार आहे, खतं सगळी दिली आहेत, खानदेशात उन्हाची तर कमी नाहीच. तरी वाढ मंदावते आणि पीएच १०.७-१०.८ वर जाऊन बसतो. अशा वेळी बहुतेक जण हौदात आणखी नत्र टाकतात. पण बहुधा कमी पडलेला असतो तो कार्बन. सुक्या स्पिरुलिनात वजनाने ४७ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. म्हणजे एक किलो माल निघाला की पाण्यातून सुमारे ४७० ग्रॅम कार्बन गेला. कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात हे १.७ किलो होतात. नत्र, स्फुरद, लोह मिळूनसुद्धा एवढं जात नाही.

हा धागा फक्त कार्बनसाठी ठेवू या. वाळवणी, बाजारभाव इथे नको.

आधी पाण्यातली स्थिती. पाण्यात अकार्बनी कार्बन तीन रूपांत असतो: विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, बायकार्बोनेट आणि कार्बोनेट. पीएच ८.३ ला जवळजवळ सगळं बायकार्बोनेट असतं. पीएच वाढेल तसं कार्बोनेट वाढतं. आपल्या खारट पाण्यात ९.८ च्या आसपास दोन्ही निम्मेनिम्मे होतात. शुद्ध पाण्यात हा बिंदू १०.३ ला येतो, पुस्तकातला आकडा तोच असतो, म्हणून गोंधळ होतो. जिवाणू बायकार्बोनेट आत घेतो, त्यातला कार्बन ठेवून घेतो आणि हायड्रॉक्साइड बाहेर उरतं. ते शेजारच्या बायकार्बोनेटचं कार्बोनेट करतं, म्हणून पीएच चढतो. पीएचचा चढ म्हणजे जिवाणूंनी किती कार्बन उचलला त्याची खूण. मात्र पीएचवरून किती उरला ते नेमकं कळत नाही. त्यासाठी टायट्रेशन (ठरावीक ताकदीचं आम्ल थेंबथेंब घालून मोजणं) हवं.

कृती अशी: हौदातलं पाणी कापडातून आणि मग फिल्टर पेपरमधून गाळा, हिरवा रंग राहिला तर बदलबिंदू दिसत नाही. १० मिली गाळलेलं पाणी घ्या. २-३ थेंब फिनॉल्फ्थॅलीन टाका, गुलाबी होईल. ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल हळूहळू, ढवळत सोडा. गुलाबी रंग गेला तो आकडा ‘क’. मग त्याच पाण्यात मिथाइल ऑरेंज टाकून पिवळ्याचा केशरी होईपर्यंत सोडत राहा. सुरुवातीपासूनचा एकूण आकडा ‘ख’.

कार्बोनेट = क × १० मिलिमोल प्रति लिटर.
बायकार्बोनेट = (ख − २क) × १०.
एकूण कार्बन = (ख − क) × १०.
एकूण क्षारता (पाणी किती आम्ल पचवतं ते) = ख × १०.

उदाहरण: क = ३.०, ख = ९.५. कार्बोनेट ३०, बायकार्बोनेट ३५, एकूण कार्बन ६५, क्षारता ९५. लिटरला ८ ग्रॅम खाण्याचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) टाकून सुरुवात केली असेल तर मुळात कार्बनही ९५ होता. ३० मिलिमोल गेला. १०,००० लिटरच्या हौदात हा ३.६ किलो कार्बन, म्हणजे साधारण साडेसात किलो सुका माल. तेवढा माल निघाला नसेल तर कार्बन दुसरीकडे गेला आहे, आणि तो कुठे गेला हे शोधायला हवं.

पांझरा

छान सुरुवात. एक शंका. हवेत कार्बन डायऑक्साइड आहेच, हौद उघडा आहे. मग जिवाणू तो थेट का घेत नाहीत? सोड्याचा एवढा खटाटोप कशासाठी?

अनेर

पांझराभाऊ, प्रश्न मुळावरचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे ४२० भाग. हवेशी समतोल साधलेल्या ३० अंशांच्या पाण्यात तो लिटरला जेमतेम १२ मायक्रोमोल असतो. शिवाय पाण्यात तो हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. आता कार्बन पकडणारं विकर (एन्झाइम) रुबिस्को बघा. सायनोबॅक्टेरियातलं रुबिस्को कामाला वेगवान आहे, पण कार्बन डायऑक्साइडबद्दल त्याची ओढ कमी. निम्म्या वेगाने चालायलाही त्याला १५०-२०० मायक्रोमोल किंवा जास्तच लागतो. बाहेर १२. आणि पीएच १०.३ च्या हौदात तर २ च्या आसपास. त्यात रुबिस्को ऑक्सिजनलाही चुकून पकडतं, आणि दुपारी हौदात ऑक्सिजन भरपूर असतो. नुसत्या पसरण्यावर अवलंबून राहिला तर हा जीव उपाशी मरेल.

म्हणून त्याने कार्बन साठवून दाबाने रुबिस्कोपर्यंत नेण्याची व्यवस्था केली आहे. तिचे तीन टप्पे.

पहिला, आत ओढणं. सायनोबॅक्टेरियात एकूण पाच पंप माहीत आहेत. बायकार्बोनेटचे तीन: बीसीटी१ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च करतो. एसबीटीए आणि बीआयसीए हे दोन सोडियमच्या जोरावर चालतात. बीआयसीएची ओढ कमी पण पुरवठा मोठा, एसबीटीए उलट. उरलेले दोन थायलॅकॉइडवरच्या (पेशीतल्या प्रकाश पकडणाऱ्या पडद्यांवरच्या) एनडीएच-१ या प्रथिन-संकुलाचे प्रकार आहेत. ते कार्बन डायऑक्साइड पकडून पेशीतच त्याचं बायकार्बोनेट करतात. सगळ्या जातींत पाचही नसतात. अर्थ्रोस्पायरा म्हणजे आपली स्पिरुलिना, तिच्या जनुकसंचात बीसीटी१ सापडत नाही. सोड्याच्या पाण्यात राहणाऱ्याला टंचाईतला पंप लागतोच कशाला!

दुसरा, पेशीद्रवात बायकार्बोनेट म्हणूनच ठेवणं. त्यावर विद्युतभार असतो, त्यामुळे ते पटलातून सहज झिरपत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र लगेच निसटतो. टंचाईतल्या पेशींत हा साठा बाहेरच्यापेक्षा हजार पटींपर्यंत जातो. इथली मेख अशी की पेशीद्रवात कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर (बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड यांची अदलाबदल करणारं) असूनच चालत नाही. १९८९ मध्ये प्राइस आणि बॅजर या शास्त्रज्ञांनी सिनेकोकॉकस या सायनोबॅक्टेरियाच्या पेशीद्रवात मानवी कार्बोनिक अनहायड्रेज बनवायला लावलं. बायकार्बोनेटचं रूपांतर भलत्या जागी होऊन कार्बन बाहेर गळाला आणि त्या पेशी साध्या हवेवर वाढेनाशा झाल्या, त्यांना जादा कार्बन डायऑक्साइड द्यावा लागला. साठा करण्याइतकंच तो योग्य ठिकाणी उघडणं महत्त्वाचं, हे या प्रयोगाने दाखवलं.

तिसरा टप्पा कार्बोक्सिसोम. हे प्रथिनांचं अनेक पैलूंचं कवच, बहुधा १०० नॅनोमीटरच्या पुढचं. रुबिस्को सगळं त्यात कोंबलेलं. बायकार्बोनेट कवचातून आत जातं, तिथल्या अनहायड्रेज क्रियेने त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि कवच त्याला लवकर बाहेर पडू देत नाही. जो निसटतो त्याला थायलॅकॉइडवरचं एनडीएच-१ पकडून पुन्हा बायकार्बोनेट करतं. हेच कार्बनचं पेशीतलं फिरणं. स्पिरुलिनात बीटा प्रकारचा कार्बोक्सिसोम असतो, समुद्रातल्या प्रोक्लोरोकॉकसमध्ये अल्फा प्रकारचा.

हे सगळे पंप प्रकाशाच्या ऊर्जेवर चालतात. रात्री हे काम थांबतं.

काळी_कसदार

म्हणजे ज्वारीसारखंच झालं की. ज्वारी, मका, ऊस कार्बन एका पेशीत पकडून दुसऱ्या पेशीत रुबिस्कोला देतात. केळी आणि कापसात ती सोय नाही. इथे एकाच पेशीत डबी करून तेच साधलं आहे.

एक विचारायचं होतं. कृषी केंद्रात ‘पीएसबी’ची बाटली मिळते. ते पण प्रकाशसंश्लेषी जिवाणूच ना?

अनेर

तुलना अगदी बरोबर.

कृषी केंद्रात पीएसबी म्हणून जे मिळतं ते बहुधा स्फुरद विरघळवणारे जिवाणू. त्यांचा प्रकाशाशी संबंध नाही. प्रकाशसंश्लेषी म्हणून लाल रंगाचं द्रावण विकतात ते जांभळे जिवाणू, उदाहरणार्थ ऱ्होडोस्यूडोमोनस पॅलुस्ट्रिस. ते ऑक्सिजन सोडत नाहीत, त्यांना कार्बोक्सिसोम नाही, आणि सेंद्रिय आम्लं मिळाली तर ते त्यांवरच वाढतात. कार्बन बांधताना रुबिस्को वापरतात, पण ऑक्सिजन नसलेल्या जागी राहत असल्याने रुबिस्कोची चूक होण्याचा त्यांना धोका नाही. हिरवे गंधक जिवाणू तर रुबिस्को वापरतच नाहीत, क्रेब्ज चक्र (अन्नातून ऊर्जा काढणारी क्रियांची साखळी) उलटं फिरवून कार्बन बांधतात. स्पिरुलिनाच्या हौदात यातली कुठलीही बाटली ओतू नका.

गिरणाकाठ

अनेरताईंच्या प्रतिसादानंतर सोड्याचा हिशेब सोपा होतो. जिवाणू सोड्यातला कार्बन नेतो, सोडियम पाण्यातच राहतं. समजा वरच्या उदाहरणातला हौद (कार्बन ६५, क्षारता ९५) याच पीएचला धरून ठेवायचा आहे आणि भरणा फक्त खाण्याच्या सोड्याने करायचा आहे. ६५ ला ९५ ने भागा, ०.६८. टाकलेल्या प्रत्येक मोल सोड्यातला ०.६८ मोल कार्बन तोच पीएच टिकवायला पाण्यात अडकतो. मालासाठी ०.३२ मोल मोकळा. किलोभर मालाला ३९ मोल कार्बन लागतो, म्हणजे सोडा सुमारे १२४ मोल, दहा किलोच्या वर!

५० चौरस मीटर, २० सेंमी खोल, १०,००० लिटरच्या हौदातून रोज ३५० ग्रॅम माल काढला तर रोज साडेतीन किलोच्या वर सोडा जाईल आणि महिन्याभरात क्षारता दुपटीच्या पुढे जाईल. मग पाणी फेकावं लागतं. सोडा ही हौदाची सुरुवातीची ठेव. रोजचा खर्च त्यातून भागवायचा नाही.

रोजचा कार्बन वायूरूपातच यायला हवा, कारण तो आला की कार्बोनेट परत बायकार्बोनेट होतं आणि सोडियम वाढत नाही. त्याच ३५० ग्रॅमसाठी कार्बन डायऑक्साइड रोज ६०० ग्रॅम. थोडा हवेतूनही येतो. पीएच साधारण ९.८-१० च्या वर गेला की हौद हवेतून ओढतो, खाली असला की उलट हवेत सोडतो. ताजं सोड्याचं पाणी ८.३ पीएचचं असतं, त्यात विरघळलेला वायू हवेच्या समतोलापेक्षा कित्येक पट जास्त. ते ढवळत ठेवलंत तर विकत घेतलेला कार्बन आभाळात गेला. म्हणून सुरुवातीलाच थोडा धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट) मिसळून पीएच ९.५ च्या वर न्या. त्याने क्लोरेलासारखी शेवाळंही दूर राहतात.

वाघूर

कार्बन ‘दुसरीकडे जातो’ त्याचं आपल्याकडचं मोठं कारण बोअरचं जड पाणी. कॅल्शियम आणि कार्बोनेट मिळून चुनखडी होते आणि तळाशी पांढरा गाळ बसतो. जाताना स्फुरद आणि लोहही सोबत घेऊन जातो. मग पानं पिवळी पडावीत तसा हौद फिकट होतो आणि माणूस लोह टाकत बसतो.

हिशेब: पाण्याचा जडपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम आणि तो सगळा कॅल्शियमचा धरला, तर १०,००० लिटर भरताना ४ किलो चुनखडी, म्हणजे ४० मोल कार्बन पहिल्याच दिवशी तळाला. उन्हाळ्यात पाणी दिवसाला १ सेंमी उतरलं तर ५०० लिटर भर घालावी लागते. त्यातून रोज २०० ग्रॅम चुनखडी, महिन्याला ६ किलो.

उपाय: वेगळ्या टाकीत पाणी घेऊन धुण्याचा सोडा टाका. लिटरला ४०० मिलिग्रॅम जडपणासाठी १,००० लिटरला सुमारे ४२५ ग्रॅम, त्यावर थोडा जास्त. ढवळा, एक दिवस निवळू द्या आणि वरचं पाणीच हौदात सोडा. खतं त्यानंतर. पावसाचं पाणी पन्हाळीवरून साठवता आलं तर फारच उत्तम, पहिल्या एक-दोन सरी सोडून द्या.

पांझरा

अनेरताई, हाई गणित तुम्ही एकदम सोपं करी टाकं. आणि वाघूरभाऊंचा गाळाचा मुद्दा तर थेट कामाचा.

आणखी दोन शंका. सोडियम वाढतं म्हणता, तर पोटॅशियम बायकार्बोनेट वापरलं तर? आणि १,००० लिटरचं पूर्ण मिश्रण आपल्या ठिबकच्या खतांच्या भाषेत कोणी सांगेल का?

अनेर

पोटॅशियमने जमणार नाही. एसबीटीए आणि बीआयसीए दोन्ही पंप सोडियमवरच फिरतात. शिवाय या पीएचला पेशीच्या आतला पीएच सांभाळायलाही सोडियम लागतं. थोडं पोटॅशियम हवंच, पण सोडियमच्या जागी नाही.

गिरणाकाठ

१,००० लिटरला: खाण्याचा सोडा ८ किलो, आयोडीन नसलेलं मीठ ५ किलो, १३-०-४५ (पोटॅशियम नायट्रेट) दोन किलो, ०-०-५० (पोटॅशियम सल्फेट) एक किलो, मॅग्नेशियम सल्फेट १६० ग्रॅम, १२-६१-० (मोनोअमोनियम फॉस्फेट) ऐंशी ग्रॅम, फेरस सल्फेट ५ ग्रॅम. फेरस सल्फेट ईडीटीएबरोबर (लोह विरघळलेलं धरून ठेवणारा पदार्थ) वेगळं विरघळवून द्या, नाहीतर या पीएचला लगेच गंज होऊन बसतं. पाणी जड असेल तर कॅल्शियम वेगळं नको. खायचा माल असेल तर खतं कमी धातू असलेल्या शुद्ध दर्जाची घ्या, शेतीच्या गोणीतली नकोत.

प्रयोगशाळेतलं झारूक मिश्रण यापेक्षा जाड आहे: सोडा लिटरला १६.८ ग्रॅम, सोडियम नायट्रेट २.५ ग्रॅम. हौदाला एवढं लागत नाही.

युरियाबाबत सावध. युरियाचा अमोनिया होतो आणि पीएच १० ला त्यातला ८० टक्क्यांहून जास्त मोकळा अमोनिया असतो, तो स्पिरुलिनाला विष. १,००० लिटरला १५ ग्रॅमच्या पुढे एका वेळी जाऊ नका.

सातपुडा_नवापूर

हेच भाताच्या खाचरात दिसतं. नील-हरित शेवाळाचं (हेही सायनोबॅक्टेरियाच) बियाणं हेक्टरी १० किलो टाकतात, नत्र स्थिरीकरणासाठी. पण उन्हात तेच शेवाळ पाण्यातला कार्बन ओढून घेतं, दुपारी पाण्याचा पीएच ९ च्या वर जातो आणि त्याच वेळी फेकलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. त्यामुळे युरिया पाणी उतरवून, मातीत मिसळेल असा द्यावा. भर दुपारी साचलेल्या पाण्यावर फेकू नये. कार्बनच्या ओढीने नत्र जातं, हा संबंध शेतकऱ्याला सहसा कोणी समजावून सांगत नाही.

काळी_कसदार

सिलिंडरचा वायू थेट नळीने २० सेंमी पाण्यात सोडला तर बुडबुडे वर येऊन फुटतात, अर्धाअधिक वाया. काय करावं?

वाघूर

दोन पद्धती. एक, प्लास्टिकचा चौकोनी ट्रे किंवा पारदर्शक पत्र्याचा उथळ डबा पाण्यावर उलटा तरंगत ठेवायचा आणि वायू त्याखाली सोडायचा. पाणी खालून वाहत राहतं आणि वायू हळूहळू शोषला जातो. ट्रेखाली ऑक्सिजन आणि नायट्रोजन साठत जातो, म्हणून दिवसातून एकदा उचलून रिकामा करा. दुसरी, प्रवाहाच्या वाटेत मीटर-दीड मीटर खोल खड्डा करून तळाशी बारीक छिद्रांचा दगड बसवायचा. मत्स्यटाकीतला चालतो, त्याहून बारीक छिद्रांचा मिळाला तर चांगलं.

पीएच नियंत्रक असेल तर १०.० ला वायू चालू, ९.७ ला बंद. मीटर ७ आणि ९.२ च्या बफरवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणावर) जुळवा. फक्त ४ आणि ७ वर जुळवलेला मीटर १० ला फसवतो.

आणि हे नीट वाचा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड आहे. खड्ड्यात आणि बंद शेडच्या तळाशी साठतो. वायू चालू असताना खड्ड्यात उतरायचं नाही, बंद केल्यावरही पंख्याने हवा घातल्याशिवाय नाही. माणूस दोन-चार श्वासांत बेशुद्ध होऊ शकतो आणि वाचवायला उतरलेलाही जातो.

पांझरा

रात्री वायू सोडला तर वाया? अनेरताई म्हणतात रात्री पंप बंद.

अनेर

पेशीचे पंप बंद, पण पाण्याचं रसायन चालूच असतं. कार्बोनेट रात्रीही वायू शोषून बायकार्बोनेट होतं. गिरणाकाठ यांच्या उदाहरणात ३० मिलिमोल कार्बोनेट आहे, १०,००० लिटरमध्ये ३०० मोल, म्हणजे १३ किलो वायू साठवता येतो. गोबरगॅसमध्ये ३५ ते ४५ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, तो रात्री याच रीतीने साठवता येईल. मात्र आधी लोखंडाच्या किसातून हायड्रोजन सल्फाइड काढा, आणि हौदातल्या ऑक्सिजनमुळे मिथेन-हवा मिश्रण स्फोटक होऊ शकतं, म्हणून वायू थेट हौदात न सोडता वेगळ्या मनोऱ्यात धुवायचा. माहीतगार माणसाशिवाय हे करू नका.

काळी_कसदार

एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ, रावेरकडे पारा ४५ च्या घरात. तेव्हा कार्बन भरला तरी वाढ थांबते ती का?

अनेर

तीन गोष्टी एकत्र येतात. पाणी ३५-३७ अंशांपर्यंत उत्तम, ४० च्या वर पेशी फुटू लागतात. गरम पाण्यात वायू कमी विरघळतो. आणि दुपारी ऑक्सिजन साचला की रुबिस्कोची चूक वाढते, त्यातून झालेला फॉस्फोग्लायकोलेट हा नको असलेला पदार्थ निस्तरण्यात ऊर्जा जाते. म्हणून ५० टक्के शेडनेट, सकाळी ११ ते ४ ढवळणं जास्त (प्रवाह सेकंदाला २०-३० सेंमी), आणि हौद या दिवसांत २५ सेंमी खोल. ढवळण्याने ऑक्सिजन बाहेर पडतो, नुसता माल तरंगता ठेवणं एवढाच त्याचा उपयोग नाही. हिवाळ्यात उलटं: पहाटे पाणी १२ अंशांवर असताना कोवळं ऊनही जास्त होतं, त्या वेळी नेट ओढून ठेवा, दहा वाजता काढा.

गिरणाकाठ

टायट्रेशनची सोय नसेल त्यांच्यासाठी बादली-चाचणी. हौदातलं पाणी १०-१० लिटर तीन पांढऱ्या बादल्यांत घ्या. पहिली तशीच. दुसरीत ४० ग्रॅम खाण्याचा सोडा. तिसरीत २० ग्रॅम १३-०-४५. सकाळी ९ ला हौदाशेजारी, नेटखाली ठेवा, तासातासाने ढवळा. दोन दिवस संध्याकाळी पांढरी तबकडी काठीला लावून किती सेंमीवर दिसेनाशी होते ते मोजा. दुसरी बादली गडद झाली तर कार्बनची टंचाई, तिसरी झाली तर नत्राची. दोन्ही तशाच राहिल्या तर लोह, स्फुरद किंवा तापमान बघा. हौदात तबकडी ३ सेंमीच्या आत दिसेनाशी झाली की कापणी करा, त्यापेक्षा दाट ठेवला तर खालच्या थराला प्रकाशच मिळत नाही आणि रात्रीच्या श्वसनात पकडलेला कार्बन परत जातो.

वाघूर

बादली-चाचणीत एक भर. दुसऱ्या बादलीचा पीएच सोडा टाकल्यावर लगेच आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा लिहून ठेवा. सोड्याने तो आधी उतरेल. संध्याकाळपर्यंत पुन्हा चढला तर जिवाणू जिवंत आहेत आणि कार्बन उचलत आहेत. चढलाच नाही तर हौदात सोडा ओतू नका, आधी सूक्ष्मदर्शकाखाली स्पिरुलिनाचे मळसूत्रासारखे धागे तुटले आहेत का ते बघा.

पांझरा

उद्या तिन्ही बादल्या मांडतो. आकडे इथेच टाकतो, क आणि ख सकट.